पदवीचे नाव आणि छातीवरचा बिल्ला

गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉर्डातल्या एक सिस्टर ड्युटी संपल्यावर आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलीने फिजिशियन असिस्टंटचा चार वर्षांचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला होता. तीन वर्षे वर्ग आणि एक वर्ष इंटर्नशिप. हातातल्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये गुणपत्रिका, पदवी आणि इंटर्नशिपचा दाखला नीट लावून ठेवलेला.

"सर, माझ्या पदवीवर 'बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट' असं छापलंय. माझी मैत्रीण दुसऱ्या कॉलेजची, तिच्या पदवीवर 'बॅचलर ऑफ फिजिशियन असिस्टंट' आहे. विषय तेच, पुस्तकं तीच, इंटर्नशिप तर आम्ही एकाच हॉस्पिटलात केली. तिला लोक म्हणतात, तुझी प्रोफेशनल डिग्री आहे. मला म्हणतात, अच्छा, बी.एस्सी. झालीस का! यानं काही फरक पडतो का, सर?"

फीसाठी पतसंस्थेचे कर्ज काढले आहे, हे सिस्टरांनी मध्येच हळू आवाजात सांगितले.

"काही फरक पडत नाही गं, काम शिकलीस ना, मग झालं," असे मी म्हणालो आणि ओपीडीकडे निघालो. राउंडच्या घाईत असलेल्या माणसाचे ते उत्तर होते. रात्री घरी गेल्यावर लक्षात आले, की मी तिला अर्धेच उत्तर दिले, आणि तेही सोयीचे अर्धे.

आधी हा पेशा काय आहे ते सांगायला हवे, कारण महाराष्ट्रात 'पीए' म्हटले की डोळ्यांसमोर मंत्र्यांचा स्वीय सहायक येतो. रुग्णालयातला पीए म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली डॉक्टरचेच काही काम करण्यासाठी शिकवून तयार केलेला माणूस. रुग्णाची माहिती विचारणे, तपासणे, केसपेपर लिहिणे, रिपोर्ट गोळा करून डॉक्टरांसमोर मांडणे, शस्त्रक्रियेत मदतीला उभे राहणे, नंतर जखम आणि ड्रेनवर लक्ष ठेवणे, डिस्चार्ज कार्ड तयार करणे. निदान आणि उपचाराचा निर्णय डॉक्टरचा, सहीही डॉक्टरची. तो नर्स नाही आणि डॉक्टरही नाही. आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयांत हे काम इंटर्न आणि निवासी डॉक्टर करतात, म्हणून ही मंडळी आमच्याकडे फारशी दिसत नाहीत. मोठ्या खासगी रुग्णालयांत, विशेषतः हृदयशस्त्रक्रिया आणि आयसीयूमध्ये, ती बरीच आहेत. तिथे कधी तुमचे कोणी दाखल झाले असेल, तर तुम्ही त्यांच्याशी बोललाही असाल, बहुधा 'डॉक्टर' म्हणून.

या पेशाची सुरुवात अमेरिकेतली. १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी पहिली तुकडी सुरू केली. विद्यार्थी चार, चौघेही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले. युद्धनौकेवर जखमा शिवणारी, ताप-जुलाब सांभाळणारी ही माणसे नौदलातून बाहेर पडली की त्यांच्या कौशल्याला कुठेच नाव नसे, आणि दुसरीकडे डॉक्टर पुरत नव्हते. दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, चारांपैकी तिघे उत्तीर्ण झाले. त्या काळी मिळायचे ते प्रमाणपत्र. पुढे कुठे दोन वर्षांची पदवी, कुठे चार वर्षांची, असे करत आज तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना पदव्युत्तर पदवीच द्यावी लागते. पण नावांची गर्दी अजून आहेच. कुणी 'मास्टर ऑफ सायन्स', कुणी 'मास्टर ऑफ हेल्थ सायन्स', कुणी 'मास्टर ऑफ मेडिकल सायन्स', तर कुणी 'मास्टर ऑफ फिजिशियन असिस्टंट स्टडीज'. तिथल्या विद्यार्थ्यांनाही माझ्या सिस्टरांच्या मुलीसारखाच प्रश्न पडतो, आणि त्यांना जाणकार मंडळी बिनधास्त सांगतात, की फरक पडत नाही.

त्यांचे उत्तर खरे आहे, कारण पदवी कोणत्याही नावाची असली तरी पुढे सगळ्यांना एकाच दारातून जावे लागते. अभ्यासक्रमाला मान्यता देणारी संस्था देशभर एक. शेवटची परीक्षा एक. ती उत्तीर्ण झाल्यावर राज्याचा परवाना. नंतरही ठरावीक तास शिकत राहायचे, आणि दर दहा वर्षांनी पुन्हा परीक्षेच्या चक्रातून जायचे. नोकरी देणारा माणूस परवाना बघतो. पदवीचे नाव भिंतीवरच्या फ्रेमपुरते राहते.

आपल्याकडे हा पेशा १९९२ मध्ये चेन्नईत आला, मद्रास मेडिकल मिशनमध्ये. हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांनी तो सुरू केला. नंतर इतर रुग्णालयांनी आणि विद्यापीठांनी आपापले अभ्यासक्रम काढले, आपापली नावे दिली. कुठे बी.एस्सी., कुठे स्वतंत्र 'बॅचलर', कुठे पदवीनंतरचा डिप्लोमा. पण इतक्या वर्षांत ते एकच दार काही उभे राहिले नाही. देशपातळीवरची समान परीक्षा नाही, आणि दीर्घकाळ कुठे नाव नोंदवायची सोयही नव्हती. मग मुलीच्या हातात ओळख म्हणून उरते काय? पदवीचा कागद. आणि ओळख सांगणारा एकच कागद असला, की त्यावरच्या प्रत्येक अक्षराला नको तेवढे वजन येते.

हे वजन मी स्वतः पाहिले आहे. नुसते पाहिले नाही, टाकले आहे. काही वर्षांपूर्वी एका निवड समितीवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून गेलो होतो. पद डायलिसिस तंत्रज्ञाचे होते. छाननीच्या यादीत एक मुलगी 'अपात्र' दाखवलेली, शेरा 'जाहिरातीप्रमाणे अर्हता नाही'. तिची कागदपत्रे मी चाळली. डायलिसिसचाच अभ्यासक्रम, वर्षे तेवढीच, वर दोन वर्षांचा अनुभव. जाहिरातीत पदवीचे जे नाव होते ते तिच्या पदवीवर शब्दशः नव्हते, एवढाच गुन्हा. मी विचारले तेव्हा लिपिक म्हणाले, "सर, समकक्षता प्रमाणपत्र जोडलेलं नाही. उद्या कुणी माहिती अधिकारात विचारलं तर?" ते चूक नव्हते. जाहिरातीतले शब्द सोडून निवड केली तर न निवडलेला उमेदवार कोर्टात जातो. घड्याळात साडेपाच वाजले होते. यादीच्या प्रत्येक पानावर सह्या करायच्या होत्या, त्या मी केल्या. त्या मुलीला समकक्षता प्रमाणपत्र कुठून मिळाले असते, हे मला तेव्हाही माहीत नव्हते आणि त्या लिपिकांनाही नव्हते.

म्हणून "फरक पडत नाही" हे उत्तर अर्धे. खासगी रुग्णालयात बहुधा पडत नाही. तिथे कोणत्या युनिटमध्ये काम केले, काय काय येते, हेच विचारतात. सरकारी जाहिरात, परदेशातला अर्ज, पुढच्या शिक्षणाचा प्रवेश, अशा खिडकीपलीकडच्या जागी मात्र पडतो. तिथे तुमचे काम पाहायला कुणी वॉर्डात येत नाही.

यात गंमतही आहे. मैत्रिणीच्या पदवीचे भारदस्त नाव आणि हिची 'साधी बी.एस्सी.' यात मुलीला स्वतःची बाजू लंगडी वाटत होती. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील कलम २२ नुसार विद्यापीठांना आयोगाने निर्दिष्ट केलेल्या पदव्याच देता येतात. बी.एस्सी. हे त्या यादीतले जुने, निर्विवाद नाव. नवे, लांबलचक नाव कानाला चांगले वाटले, तरी ते त्या यादीत आहे का हे आधी तपासावे लागते. प्रवेश घेताना कॉलेजच्या रंगीत पुस्तिकेत हे शोधणारे पालक मी अजून पाहिलेले नाहीत.

नावांचा हा खेळ वैद्यकीत नवा नाही. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावात एक वृद्ध डॉक्टर होते. पाटीवर नावापुढे 'एल.सी.पी.एस.'. साठीपुढच्या वाचकांना ही अक्षरे आठवत असतील. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती पदविका. एम.बी.बी.एस. झालेले तरुण डॉक्टर गावात आले तेव्हा त्यांनी या वृद्ध डॉक्टरांना 'लायसेन्शिएट' म्हणून थोडे खालचे मानले. गावाने काही मानले नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालातले आकडे पाहिले तर त्या काळी देशात नोंदणी झालेले सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यातले जवळपास ३०,००० लायसेन्शिएट होते. म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरची बरीचशी वैद्यकी याच 'कमी' नावाच्या माणसांनी पेलली होती. समितीच्या बहुमताने ती पायरी बंद करून एकाच प्रकारचा 'मूलभूत डॉक्टर' घडवायची शिफारस केली. समितीतल्या काहींनी त्याला विरोधही नोंदवला होता. पण या लायसेन्शिएटांचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत होते, हे महत्त्वाचे. पाटीवर चार अक्षरे कमी प्रतिष्ठेची असली, तरी त्यांना काय करायचा अधिकार आहे याबद्दल शंका नव्हती.

याच्या उलट गोष्ट आपल्या शेजारी घडली. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडने राज्य झाल्यावर लगेच, २००१ मध्ये, कायदा करून ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. वैद्यकीय संघटना विरोधात उभ्या राहिल्या, प्रकरणे न्यायालयात गेली, आणि त्या ओढाताणीत अभ्यासक्रमाचे नाव एकापेक्षा अधिक वेळा बदलले. आपण नेमके काय होणार हेच कळेना, तेव्हा विद्यार्थी संपावर गेले. काही वर्षांतच अभ्यासक्रम बंद पडला. पुढे शासनाने या मुलांना 'ग्रामीण चिकित्सा सहायक' म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमले, आणि नंतर तिथे झालेल्या पाहणीत नेहमीच्या आजारांच्या उपचारात ते एम.बी.बी.एस. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जवळपास बरोबरीचे आढळले. म्हणजे कामात खोट नव्हती. जागा, अधिकार आणि मर्यादा न ठरवता आधी नावावर भांडण झाले.

आता रुग्णाच्या बाजूने पाहू, कारण इथे माझे मत वेगळ्या दिशेला जाते.

चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या आईची बायपास झाली, एका खासगी रुग्णालयात. रोज संध्याकाळी एक तरुण येऊन आम्हाला दिवसभराची हकिगत सांगायचा. ड्रेनमधून किती आले, क्रिएटिनिन किती, उद्या काय करणार. बोलणे इतके स्वच्छ, की माझी बहीण म्हणाली, हा डॉक्टर पुढे मोठा होणार. आई त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणायची. चौथ्या दिवशी मी एका गोळीबद्दल विचारले, ही बंद का केली? तो म्हणाला, "सर, मी फिजिशियन असिस्टंट आहे. हे मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही. सरांना विचारून दहा मिनिटांत सांगतो." दहा मिनिटांत तो सर्जनना घेऊनच आला.

त्या मुलाबद्दलचा माझा आदर त्या वाक्याने वाढला. पण तीस वर्षे वैद्यकीत काढलेल्या मला चार दिवस कळले नव्हते, की हा डॉक्टर नाही. त्याच्या बिल्ल्यावर त्याचे नाव आणि रुग्णालयाचे चिन्ह, एवढेच. मग ज्यांनी वैद्यकीत तीस वर्षे काढलेली नाहीत, त्यांचे काय?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न फार महागात पडला. तिथे 'फिजिशियन असिस्टंट' हे नाव बदलून 'फिजिशियन असोसिएट' केले गेले. 'असोसिएट' म्हणजे सहकारी डॉक्टर, असा समज होणे अगदी साहजिक होते. २०२२ मध्ये तीस वर्षांची एक तरुणी पाय दुखतो, दम लागतो म्हणून लंडनमधल्या दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला एकाच असोसिएटने तपासले. पायात झालेली आणि पुढे फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी लक्षात आली नाही, आणि ती दगावली. आपल्याला डॉक्टरने तपासले असेच तिला वाटत होते, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. त्यानंतर जे वादळ उठले त्यातून सरकारने प्रा. जिलियन लेंग यांच्याकडे पुनर्विलोकन सोपवले. जुलै २०२५ च्या अहवालात त्यांनी नाव पुन्हा 'असिस्टंट' करावे, आणि निदान न झालेल्या रुग्णांना या मंडळींनी ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर तपासू नये, अशी शिफारस केली. अमेरिकेचा प्रवास मात्र उलटा आहे. तिथल्या संघटनेने २०२१ मध्ये 'असिस्टंट' सोडून 'असोसिएट' हे नाव स्वीकारले आणि आता एकेका राज्याचा कायदा बदलून घेणे सुरू आहे. आणि आपण? २०२१ च्या आपल्या राष्ट्रीय कायद्याच्या अनुसूचीत शब्द आहे 'फिजिशियन असोसिएट'. मुलींच्या पदव्यांवर आहे 'असिस्टंट'. मराठीत दोन्हींसाठी आपण 'सहायक'च म्हणणार, हे त्यातल्या त्यात बरे.

माझे मत विचाराल, तर पदवी कोणत्या नावाची हा प्रश्न दुय्यम आहे आणि कायद्याने तो लवकर दुय्यम करावा. पदाचे नाव मात्र दुय्यम नाही. पदवी कपाटात असते, पद रुग्णाच्या डोळ्यांसमोर असते. तिथे 'असोसिएट'पेक्षा 'असिस्टंट' मला अधिक प्रामाणिक वाटते. त्यात कमीपणा आहे असे या मुलांना वाटते, हे मला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे 'डॉ.' लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. त्यावरून हा विषय किती नाजूक आहे ते कळते. पण आडवे पडलेल्या माणसाला समोर कोण उभे आहे हे कळण्याचा हक्क, उभे असलेल्याच्या मानापेक्षा मोठा आहे.

हे लिहिताना माझ्या डॉक्टर बांधवांनाही दोन शब्द सुनवायला हवेत. 'असिस्टंट'ने स्वतःला डॉक्टर म्हणवून घेऊ नये यासाठी आपण सभेत टेबल बडवतो. आणि त्याच रात्री त्याच असिस्टंटला आयसीयूत एकट्याला ठेवून, 'काही वाटलं तर फोन कर' म्हणून घरी जातो. नातेवाईक त्याला 'डॉक्टर' म्हणतात तेव्हा आपण कधी दुरुस्त करत नाही, कारण ते रुग्णालयाच्याही सोयीचे असते. देखरेखीखाली काम म्हणजे देखरेख करणारा जागेवर हवा, एवढी साधी गोष्ट आहे. ती पाळली नाही तर बिल्ल्यावर काहीही छापा.

कायदा काय म्हणतो? मार्च २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा, केंद्रीय आणि राज्य नोंदवह्या, शिवाय देशभर समान अशी शेवटची किंवा परवाना परीक्षा, या सगळ्याची तरतूद आहे. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणून ओळख मिळायला तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण हवे, असेही त्यात आहे. यात पदवीच्या नावाऐवजी तास मोजले आहेत, आणि मला ते फार पटते. २०२५ मध्ये आयोगाने ज्या दहा व्यवसायांचे समान अभ्यासक्रम जाहीर केले त्यात फिजिशियन असोसिएटही आहे. कागदावर ते एकच दार तयार आहे. ते उघडेपर्यंत ज्या मुलामुलींच्या हातात जुनी, नाना नावांची प्रमाणपत्रे आहेत, त्यांना नोंदवहीत कसे घ्यायचे हे परिषदांनी स्पष्ट लिहून द्यायला हवे. आणि शासनाच्या जाहिरातींत पदवीच्या नावाऐवजी 'नोंदणी असलेला' हा शब्द यायला हवा. मग साडेपाच वाजता सही करणाऱ्या माझ्यासारख्याची आणि त्या लिपिकांचीही सुटका होईल.

दुसऱ्या आठवड्यात मी सिस्टरांच्या मुलीला पुन्हा बोलावले. या वेळी दार लावून अर्धा तास बसलो. विद्यापीठाकडून संपूर्ण अभ्यासक्रम, विषयवार तासांसह, शिक्क्यानिशी मागून घे म्हणालो. कॉलेजे बंद पडतात, नावे बदलतात, नंतर हे कागद मिळत नाहीत. इंटर्नशिपची लॉगबुक जपून ठेव. राज्याची नोंदणी सुरू झाली की पहिल्या महिन्यात अर्ज कर. नोकरी घेताना तुझे काम काय आणि तुझ्यावर देखरेख कुणाची, हे नेमणूकपत्रात लिहून माग. रात्रीच्या ड्युटीला तो डॉक्टर कुठे असेल, हेही विचार. ती वहीत लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "आणि पेशंट डॉक्टर म्हणाले तर?"

"तर नाही म्हणायचं. प्रत्येक वेळी."

दिवाळीनंतर ती एका खासगी रुग्णालयात लागली. परवा फोन आला होता. काम आवडते आहे, सर्जन शिकवतात, कर्जाचे हप्ते सुरू झाले आहेत. बिल्ल्यावर नुसते नाव आहे. त्याखाली पद छापून द्या, असा अर्ज तिने एचआरकडे केला आहे. "अजून काही उत्तर नाही, सर. तोपर्यंत तोंडाने सांगते. काल एक आजी सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, बरं बरं डॉक्टरीणबाई, आता तेवढं घरी कधी सोडणार ते सांगा."